लाकडाची बंद शेगडी

लाकडाची बंद शेगडी : खोली उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळण्याचे, सर्व बाजूंनी बंद असलेले ओतीव लोखंडाचे किंवा पोलादी पत्र्याचे उपकरण. पुढे काचेचे वा लोखंडी दार, आत उष्णतारोधक विटांचे अस्तर, हवा कमीजास्त करणाऱ्या झडपा आणि धूर छपरावर नेणारे धुराडे ही तिची मुख्य अंगे. भिंतीतल्या उघड्या आगटीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम १० ते २० टक्के भाग खोलीला मिळतो, बाकीची उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. चांगल्या बंद शेगडीत हे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. हा फरक मुख्यतः हवेवरच्या ताब्याचा आहे.

इतिहास : वीट व झिलईदार फरशांनी बांधलेल्या शेगडीची पहिली नोंद आल्सास (आजच्या पूर्व फ्रान्समधील) प्रांतातील मानली जाते. तिचे वर्ष बहुतेक कोश १४९० देतात, काही ग्रंथांत १४७५ आढळते. पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. ओतीव लोखंडाच्या पाच पत्र्यांची पेटीसारखी शेगडी जर्मन भाषक प्रदेशात रूढ झाली. ती भिंतीत बसवून शेजारच्या खोलीतून पेटवत, त्यामुळे उबेच्या खोलीत धूर येत नसे. जर्मन स्थलांतरितांबरोबर हा प्रकार अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात गेला.

बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या शेगडीचा काळ वादाचा आहे. त्यांच्या आत्मचरित्रात १७४२ हे वर्ष येते आणि पुष्कळ कोशांनी तेच उचलले आहे. मात्र आत्मचरित्राचा तो भाग १७८८ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर चार दशकांहून अधिक काळाने लिहिलेला आहे. त्यामुळे शेगडी १७४०-४१ मध्येच तयार झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिचे वर्णन करणारी पुस्तिका १७४४ मध्ये छापली गेली, याबद्दल दुमत नाही. गव्हर्नरने देऊ केलेले एकस्व (पेटंट) फ्रँक्लिन यांनी नाकारले. तिला बंद शेगडीची जननी म्हणण्याचा प्रघात मात्र तपासून घ्यावा लागतो, कारण मूळ रचना पुढून उघडी होती. तीत धूर एका पोकळ पेटीवरून मागे जाई, तेथून खाली उतरे आणि जमिनीलगतच्या मार्गाने धुराड्यात शिरे. गरम वायूला वर जाण्याआधी खाली उतरवायचे तर धुराडे आधीच चांगले तापलेले हवे. विस्तव मंदावला की धूर वर खेचणारी धुराड्याची ओढ तुटे आणि धूर खोलीत परते. पुढे फ्रँक्लिन यांच्याच नावाने विकल्या गेलेल्या शेगड्यांतून ही उतरती वाट गाळलेली दिसते. या सुधारणेचे श्रेय सामान्यतः अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना देतात. स्वीडनमध्ये कार्ल योहान क्रॉनस्टेट यांनी १७६७ मध्ये बांधीव शेगडीत धुराची वाट वरखाली फिरवून तिची उष्णता शोषण्याची रचना बसवली. शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांचा १७९६ चा प्रबंध उघड्या आगटीविषयी असला, तरी धुराचा गळा अरुंद करण्याचे त्यातील तत्त्व पुढे सर्वत्र वापरले गेले.

धुराच्या प्रमाणावरील कायदेशीर बंधने अलीकडची आहेत. अमेरिकेत ऑरेगन राज्याने १९८४ मध्ये पाऊल उचलले आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय मानके आली. २०२० पासून नव्या शेगडीतून ताशी सुमारे २ ग्रॅमहून अधिक कण बाहेर पडू नयेत, अशी तेथील मर्यादा आहे. युरोपीय संघाची कार्यक्षमता व उत्सर्जनाची मानके १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत.

ज्वलन : लाकूड स्वतः फारसे जळत नाही, त्यातून निघणारे वायू जळतात. प्रथम सुमारे १०० अंश से. ला पाणी उडून जाते. २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू व डांबरी बाष्प सुटू लागते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा ७५ ते ८५ टक्के भाग असा बाहेर पडतो आणि निम्म्याहून अधिक ऊर्जा त्यातच असते. शेवटी कोळसा उरतो, तो जवळजवळ ज्योतीविना धुमसतो. सुटलेले वायू पुरते जळण्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान, ताजी हवा आणि दोन्ही मिसळायला पुरेसा अवकाश लागतो. तिन्हींपैकी एक कमी पडले, की तोच वायू धूर होऊन निघून जातो.

म्हणून आधुनिक शेगडीत हवेच्या दोन वाटा असतात. प्राथमिक हवा विस्तवाच्या बुडाशी येते. ती पेटवताना लागते आणि दगडी कोळशाला तर सतत लागते. दुय्यम हवा शेगडीच्या अंगातून तापत येऊन ज्योतीच्या वरच्या भागात शिरते. काचेवरून खाली वाहणारा तिचा पडदा काचही स्वच्छ ठेवतो. लाकूड राखेच्या थरावर, वरून हवा मिळाल्यास उत्तम जळते. म्हणून केवळ लाकडाच्या शेगडीला बुडाशी जाळी नसली तरी चालते. अग्निकक्षाच्या माथ्यावरची आडवी फळी, म्हणजे धूररोधक, ज्वाळेला पुढे वळवून वायूंचा आत राहण्याचा काळ वाढवते. ही फळी सरकली वा तडकली, तर शेगडी भरपूर लाकूड खाऊन कमी ऊब देते आणि धुराडे वाजवीपेक्षा तापते. काही प्रकारांत फळीऐवजी प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप दिलेली मधाच्या पोळ्यासारखी उत्प्रेरक जाळी असते. ती सुमारे २६० अंशांना काम करू लागते, तोवर धुराला जाळी टाळून जाऊ देणारी बगलेची झडप उघडीच ठेवायची असते.

सरपण : जळणाचा कस मुख्यतः ओलाव्यावर ठरतो. पूर्ण कोरड्या लाकडाची उष्णता किलोमागे १८ ते २० मेगाज्यूल असते आणि वजनावर पाहिले तर जातीजातींत फारसा फरक पडत नाही. कठीण लाकूड चांगले वाटते ते घनतेमुळे : तेवढ्याच जागेत अधिक वजन मावते. एकूण वजनाच्या २० टक्के पाणी असलेल्या लाकडातून किलोमागे सुमारे १४ मेगाज्यूल मिळतात, ५० टक्के पाण्याच्या ताज्या तोडीतून जेमतेम ८. चिराच्या (पाइन) जातींच्या लाकडाने धुराडे डांबरते, हा समज फार पसरलेला आहे, पण तो टिकत नाही. वाळलेले आणि भरपूर हवेत जळणारे चिराचे लाकूड निर्दोष असते, तर ओले कठीण लाकूड धुराडे बुजवते.

ओलाव्याची टक्केवारी दोन पद्धतींनी सांगितली जाते आणि तेथे वारंवार घोटाळा होतो. जळणाची मानके पाण्याचे वजन एकूण वजनाशी ताडतात, इमारती लाकडाचा व्यवहार ते कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडतो. त्यामुळे पहिल्या पद्धतीचे २० टक्के दुसऱ्या पद्धतीत २५ आणि ५० टक्के चक्क १०० होतात. टोकदार काट्यांचे स्वस्त ओलावामापक बहुधा दुसऱ्या पद्धतीने आकडा दाखवतात. त्यावर २० दिसले, तर जळणाच्या हिशेबात ते १६ ते १७ टक्केच भरते. मापन ओंडक्याच्या टोकावर किंवा सालीवर केल्यास फसवे ठरते, कारण ते भाग आधी वाळतात. ओंडका त्याच वेळी मधोमध फोडून उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर, काटे तंतूंच्या दिशेने रोवून आकडा घ्यावा. शंका असेल तेथे नमुना तोलून १०३ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. दुसरीकडे, १२ टक्क्यांहून कोरडे लाकूड एकदम इतके वायू सोडते की शेगडीची हवा पुरत नाही. असे लाकूड थोडे थोडे घालावे.

वाळवण्यासाठी लाकूड आधी फोडावे लागते, साल सलग असली की पाणी बाहेर पडत नाही. फोडी ८ ते १२ सेंमी जाडीच्या करून जमिनीपासून उंचावर, वारा खेळेल अशा रचाव्यात. वरून आच्छादन घालावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. सर्व बाजूंनी ताडपत्री गुंडाळलेल्या ढिगाला बुरशी येते. हलक्या जाती एका कोरड्या हंगामात तयार होतात, ओकसारख्यांना दोन वर्षेही लागतात. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, चकचकीत छापील कागद आणि प्लॅस्टिक शेगडीत घालू नये. समुद्रकाठी वाहून आलेल्या लाकडातील मीठ लोखंड खाते. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांनी टिकाऊ केलेल्या लाकडाची तर राखसुद्धा विषारी असते.

पेटवणे व भर घालणे : विस्तव वरून खाली उतरू द्यावा, असे आता सुचवले जाते. तळाशी दोन जाड फोडी बोटभर अंतर ठेवून मांडाव्यात, त्यांवर आडव्या बारीक फोडी, माथ्यावर सुकलेल्या ढलप्या आणि त्यांच्या मध्ये पेटवण. सगळ्या झडपा पूर्ण उघडाव्यात. वरची ज्योत खालून सुटणारे वायू जाळते आणि धुराडेही लवकर तापवते. खालून पेटवलेल्या ढिगात थंड फोडींमधून धूर वर येतो. पहिली काही मिनिटे दार किंचित उघडे ठेवल्यास काचेवर ओल धरत नाही, मात्र तेवढा वेळ शेगडीसमोरून हलू नये.

नवी भर घालण्याची वेळ ज्वाळा विझून लाल निखारे उरल्यावर येते. दार एकदम उघडले तर धुराचा लोट बाहेर येतो. आधी हवा वाढवावी, मग दार बोटभर उघडून क्षणभर थांबावे. निखारे पुढे ओढून त्यांवर एक-दोन फोडी ठेवाव्यात, झडप पुन्हा पूर्ण उघडावी आणि फोडींच्या सर्व कडा काळ्या पडून ज्वाळा धरेपर्यंत, साधारण ५ ते १५ मिनिटे, तशीच ठेवावी. त्यानंतर हवा टप्प्याटप्प्याने कमी करावी. ज्वाळा पिवळ्या, ठळक आणि शांतपणे हलणाऱ्या दिसाव्यात. त्या आळसावून तांबूस-काळपट झाल्या, तर हवा अपुरी आहे. झटके देत धुराड्याकडे ओढल्या जात असतील, तर ती जास्त आहे. भरीचा अंदाज सोपा आहे : ५ किलोवॉटच्या, ७५ टक्के कार्यक्षमतेच्या शेगडीला ताशी साधारण १.७ किलो वाळलेले लाकूड पुरते. अग्निकक्ष गळ्यापर्यंत भरून झडपा बंद करण्याची आणि विस्तव रात्रभर धुमसत ठेवण्याची सवय सर्वांत महागात पडते. वायू सुटत राहतात, पण ते जळण्याइतकी हवा वा उष्णता मिळत नाही.

धुराडे व काजळी : धुराड्याची ओढ त्याच्या उंचीवर आणि आतबाहेरच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. ५ मीटर धुराड्यात धूर २०० अंश व बाहेरची हवा १० अंश असल्यास सैद्धांतिक ओढ सुमारे २५ पास्कल येते. धूर १०० अंशांवर उतरला, की ती १५ पर्यंत घसरते. बाहेरच्या भिंतीलगतचे, उष्णतारोधन नसलेले धुराडे म्हणूनच सकाळी पेटताना कुरकुरते. धुराड्याचे तोंड छपरातून निघते तेथून किमान ०.९ मीटर वर आणि ३ मीटरच्या परिसरातील कोणत्याही भागापेक्षा ०.६ मीटर उंच असावे, असा उत्तर अमेरिकी संकेत आहे.

न जळलेले बाष्प सुमारे १२० अंशांखालच्या पृष्ठभागावर थिजून क्रिओसोट बनते. त्याचे तीन टप्पे मानतात : बोटाने पुसली जाणारी भुकटी, खरवडावी लागणारी खपली आणि शेवटी काळी काचेसारखी झिलई. ही झिलई ब्रशने निघत नाही, तिला रासायनिक उपचार किंवा फिरत्या साखळ्यांचे यंत्र लागते. थर ३ मिमी झाला, की सफाई करावीच. तपासणी मात्र दरवर्षी, थर दिसो वा न दिसो. एकेरी भिंतीच्या नळीवर शेगडीपासून सुमारे ४५ सेंमी उंचीवर चुंबकी तापमापक बसवावा आणि वाचन साधारण १२० ते २४० अंशांत राखावे. एकेरी नळीत आतील वायू पृष्ठभागाच्या वाचनापेक्षा बराच गरम असतो, हे लक्षात ठेवावे.

क्रिओसोटने पेट घेतला तर धुराड्यात तापमान १,१०० अंशांपर्यंत पोहोचू शकते. घरघर असा मोठा आवाज, तोंडातून ठिणग्या आणि नळीचे कंपन ही लक्षणे. दार व सर्व झडपा बंद कराव्यात, माणसे बाहेर काढावीत, अग्निशमन दलाला कळवावे. पाणी ओतू नये. वाफेचा झोत उसळतो आणि तापलेले अस्तर फुटते. आग शमल्यावर आतून तपासणी झाल्याशिवाय शेगडी पुन्हा पेटवू नये.

सुरक्षितता : प्रमाणित शेगडीसाठी निर्मात्याने दिलेली अंतरे पाळावीत. ज्यांना तशी नोंद नाही त्यांसाठी ज्वलनशील वस्तूंपासून ९० सेंमी अंतर सांगितले जाते. भिंतीपासून २५ मिमी हवेची फट सोडून पत्र्याचा पडदा लावल्यास ते कमी करता येते. पडदा भिंतीला चिकटवला, तर त्याचा उपयोग राहत नाही. घर फार घट्ट बंद असेल किंवा स्वयंपाकघरातील हवा ओढणारा पंखा चालू असेल, तर खोलीत हवेचा दाब घटतो आणि धूर उलटा येतो. विस्तव मंदावत असताना हा धोका सर्वाधिक असतो : ज्वाळा नसते, पण निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. त्याला वास नसतो. म्हणून शेगडीपासून १ ते ३ मीटरवर सूचक यंत्र बसवतात.

राख २ ते ३ सेंमी थर ठेवूनच काढावी. बाहेर काढलेल्या राखेतील निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात, म्हणून ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवतात. घरातील साध्या निर्वात झाडूचा (व्हॅक्यूम क्लीनरचा) वापर येथे टाळावा. राख क्षारधर्मी असते, ओल्या हातांना झोंबते.

देखभाल : दार हवाबंद ठेवणारी त्याच्या कडेभोवतीची दोरी दबली, की झडप बंद असूनही हवा आत शिरते आणि विस्तव हाताबाहेर जातो. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून पाहावी. ती सहज सुटली, तर तेथे दोरी बदलावी. नव्या दोरीचा व्यास जुन्याइतकाच घ्यावा, कारण जाड दोरीने बिजागऱ्यांवर ताण येऊन काच तडकते. काच एखाद्याच कोपऱ्यात काळी पडत असेल, तर दोष बहुधा दोरीचा असतो. सगळीकडे काळवंडत असेल, तर लाकूड ओले आहे किंवा हवा लवकर कमी केली जात आहे. नव्या शेगडीचा रंग पक्का होण्यासाठी पहिले दोन-तीन विस्तव लहान ठेवतात आणि त्या वेळी खिडक्या उघड्या लागतात. जुन्या शेगड्यांच्या दोरीत व पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती कोरडी खरवडू नये आणि जाणकाराकडूनच काढून घ्यावी.