एमबीएच्या मुलाखतीतले अडचणीचे प्रश्न
(विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक)

कॅटचा (एमबीए प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा) निकाल लागून मुलाखतीचे कॉल आले की आमच्या मुलाखत-सराव वर्गात पहिली मागणी असते : अवघड प्रश्नांची उत्तरं लिहून द्या. ती आम्ही देत नाही. पाठ केलेलं उत्तर फार तर पहिल्या प्रश्नाला पुरतं. त्यावरचा उपप्रश्न आला की ते उघडं पडतं. समोर मुलाखत घेणाऱ्या दोन-तीन जणांनी तसंच उत्तर सकाळपासून ऐकलेलं असतं, हेही लक्षात घ्या.

आधी एक खुलासा. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेतून कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीने प्रवेश घेणार असाल तर मुलाखत नसते, त्यामुळे आमच्याकडे पैसे खर्च करू नका. आयआयएम, जमशेदपूरचं एक्सएलआरआय, मुंबईचं एसपी जैन, स्नॅप या प्रवेश परीक्षेतून सिंबायोसिस, यांपैकी कुठला कॉल असेल तर पुढचं वाचा.

प्रश्न येतो कुठून?

बहुतेक वेळा तुमच्याच फॉर्ममधून. मेकॅनिकलची पदवी आणि दोन वर्षं आयटीत नोकरी असेल तर हमखास विचारतात, 'ती इंजिनिअरिंगची सीट वाया घालवली असं नाही का वाटत?' इथे मुलं बचावाला उतरतात, नाहीतर 'मला लोकांमध्ये काम करायला आवडतं' असं गुळगुळीत काहीतरी बोलतात. त्यापेक्षा खरं काय घडलं ते सांगा. कॅम्पसला कोणत्या कंपन्या आल्या, त्यातली ही का घेतली, तिथे कोणतं काम करताना व्यवस्थापनाकडे वळावंसं वाटलं. मात्र पदवीच्या विषयातलं मूलभूत विचारलं तर ते आलंच पाहिजे. इंजिनाच्या ऑटो आणि डिझेल सायकलमधला फरक मेकॅनिकलवाल्याला, किंवा नफा असूनही हातात रोकड का नसते हे कॉमर्सवाल्याला सांगता आलं नाही, तर बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास कमी होतो.

कमी गुण आणि शिक्षण-नोकरीतली मधली गॅप यांबद्दल थोडक्यात बोलावं. कारण एका वाक्यात, त्यानंतर काय बदललं ते दुसऱ्या वाक्यात, आणि थांबा. विद्यापीठाला, पेपर तपासणाऱ्यांना दोष देऊ नका.

गावाबद्दलचा प्रश्न

याची तयारी मुलं सर्वांत कमी करतात आणि आम्ही यालाच सर्वांत जास्त वेळ देतो. समजा तुम्ही कोल्हापूरचे आहात. चपलेचा विषय निघतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) मिळालं, इथपर्यंत सगळे सांगतात. मग पुढचा प्रश्न येतो : 'जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीने तशाच चपला दाखवल्या. मानांकन असून ते थांबवता का आलं नाही?' याला उत्तर आहे. भारतातली नोंदणी परदेशात आपोआप लागू होत नाही, आणि मानांकन मुख्यतः नावाला संरक्षण देतं, डिझाइनला नाही. ही नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे; दोन्हीकडचे चार-चार जिल्हे त्यात येतात, हेही ठाऊक असलं तर चर्चा तुमच्या हातात राहते. त्यानंतर 'मग तुम्ही काय कराल?' असं विचारलं तर त्याला ठरलेलं उत्तर नाही. तिथे मोठ्याने विचार करा : विक्री कोण करतं, किमतीतला किती हिस्सा कारागिरापर्यंत पोहोचतो, आधी कोणाशी बोलावं लागेल. तुम्ही विचार कसा करता, हेच त्यांना पाहायचं असतं. सांगलीची हळद, सोलापूरची चादर, नाशिकची द्राक्षं, इचलकरंजीचे यंत्रमाग यांची तयारीही अशीच तीन प्रश्न खोलवर करा.

दबावाचे प्रश्न

'तुमचं उत्तर चूक आहे,' असं कोणी ठामपणे म्हणालं की लगेच माघार घेऊ नका. तुमच्याकडे कारण असेल तर शांतपणे ते पुन्हा मांडा. त्यांनी नवीन मुद्दा दिला आणि तो पटला, तर तसं सांगून मत बदला. येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. अंदाज करायचाच असेल, तर हा अंदाज आहे असं आधी सांगा.

'अजून कुठले कॉल आहेत, दोन्हीकडे मिळालं तर कुठे जाल?' इथे खोटं बोलू नका. कॉल आहेत ते सांगा आणि निवडीचं खरं कारण द्या. ते फी किंवा घरापासूनचं अंतर असलं तरी चालतं. दोष विचारला तर 'मी परफेक्शनिस्ट आहे' हे सोडून द्या. कामात ज्याचा खरोखर त्रास झालाय असा एक दोष, आणि त्यावर सध्या काय करताय, एवढं पुरे.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी : व्याकरण अधूनमधून चुकलं तरी चालतं, पण प्रश्न न समजता उत्तर देणं महागात पडतं. पुन्हा विचारायला संकोच करू नका. छोटी वाक्यं बोला. उच्चार बदलायचा प्रयत्न तर अजिबात नको.

आमच्याकडे येताना

भरलेल्या फॉर्मची प्रत, दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि नोकरी असेल तर रोजच्या कामाचं एक पानभर वर्णन आणा. सराव मुलाखतीचं रेकॉर्डिंग होतं आणि ते फक्त तुम्हालाच दिलं जातं. पालकांनी त्या वेळी बाहेर बसावं. नंतरच्या चर्चेत त्यांचं स्वागत आहे. दोन सरावांमध्ये तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा. त्यामुळे कॉलचं पत्र आल्या आल्या वेळ ठरवून घेतलेली बरी.