परसातील कोंबड्यांची विष्ठा : निरीक्षण व निदान

परसात पाळलेल्या कोंबड्यांच्या विष्ठेचा रंग, घट्टपणा, वास आणि तिच्यातील पांढऱ्या भागाचे प्रमाण पाहून आजाराचा माग काढण्याची ही पद्धत आहे. कोंबडी दुखणे अंगावर काढते. तुरा फिका पडून ती कोपऱ्यात पिसे फुलवून बसते, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. विष्ठा पुष्कळदा त्याआधीच बदलते. मात्र नुसत्या रंगावरून रोगाचे नाव ठरत नाही. पक्ष्याचे वय, त्याचे खाणेपिणे आणि तो तरतरीत आहे की मलूल, या तीन गोष्टी रंगाइतक्याच महत्त्वाच्या असतात.

कोंबडीला लघवीची वेगळी वाट नसते. मूत्रपिंडातून येणारे यूरिक आम्ल आणि आतड्यातील मळ एकाच अवस्करातून, म्हणजे शेपटीखालच्या सामाईक वाटेतून, बाहेर पडतात. त्यामुळे नीट शिटेत तीन भाग दिसतात : तपकिरी किंवा करडा-हिरवट घट्ट मळ, त्यावर यूरिक आम्लाची पांढरी टोपी आणि भोवती थोडासा ओलावा. हे तीन भाग वेगवेगळे पाहण्याची सवय लावून घ्यावी. मळ घट्ट आहे पण भोवती पाण्याचे थारोळे आहे, अशी स्थिती असेल तर ती हगवण नव्हे. पक्षी जास्त पाणी पितो आहे किंवा मूत्रपिंडावर ताण आहे, असा तिचा अर्थ होतो. मळच पातळ, फेसाळ किंवा न पचलेल्या दाण्यांचा असेल तर बिघाड आतड्यात शोधावा.

निरोगी कोंबडीचीही शिट रोज सारखी नसते. लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याशी दोन अंधनाल, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या नळ्या, असतात. ते दिवसातून दोन-तीन वेळा रिकामे होतात आणि तेव्हा पिवळट-तपकिरी ते गडद चॉकलेटी, चिकट व उग्र वासाची विष्ठा पडते. साधारण दर आठ-दहा शिटांमागे अशी एक असते. नवीन पाळणारे हिलाच हगवण समजून औषध देऊ लागतात, हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे. खुडूक कोंबडी अंड्यांवरून दिवसातून एक-दोनदाच उठते. तिचा साठलेला मोठा, दुर्गंधी गोळाही स्वाभाविकच असतो. उन्हाळ्यात पाणी पिणे वाढले की विष्ठा पातळ होते. पालापाचोळा व हिरवा चारा जास्त खाल्ला तर ती हिरवी, बीट खाल्ले तर लाल आणि जांभळे खाल्ली तर जांभळट-काळी दिसते. आतड्याच्या आतील आवरणाचा नारिंगी तुकडा क्वचित पडला आणि पक्षी नेहमीप्रमाणे चरत असला, तर घाबरण्याचे कारण नाही.

निरीक्षणासाठी रात्री खुराड्यातील बसण्याच्या दांडीखाली वर्तमानपत्र किंवा धुतलेले पोते अंथरावे आणि सकाळी लवकर पाहावे. कोण कुठे बसले होते हे ठाऊक असेल तर संशयित पक्षी तिथेच सापडतो. नसेल तर ज्याच्यावर संशय आहे त्याला दाणापाण्यासह २४ तास कागद अंथरलेल्या वेगळ्या डालग्याखाली ठेवावे. एका शिटेवरून काही ठरवू नये. दिवसभरातल्या सगळ्या पाहाव्यात. गळ्याखालची अन्नाची पिशवी रात्री भरलेली व सकाळी रिकामी आहे का, गुदाभोवतीची पिसे बरबटली आहेत का आणि छातीचे हाड हाताला टोकदार लागते का, हेही तपासावे.

रक्त दिसले की पहिला संशय रक्ती हगवणीचा. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत हा आजार सर्वांत घातक ठरतो. ‘आयमेरिया’ नावाचे एकपेशीय परजीवी आतड्याच्या पेशींत वाढून त्या फोडतात. त्यांपैकी ‘आयमेरिया टेनेला’ ही जाती अंधनालात वाढते आणि उघडे ताजे रक्त तिच्यामुळे पडते. इतर काही जातींत रक्त दिसतही नाही. फक्त पातळ किंवा शेंबडासारखी विष्ठा आणि खुंटलेली वाढ दिसते. विष्ठेतून पडलेल्या अंडपुटी, म्हणजे या परजीवीची कवचातली अंड्यासारखी अवस्था, उबदार ओलाव्यात एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणून पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या दमट खुराड्यांत, या रोगाला जोर येतो. तांबूस दिसणारी विष्ठा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासावी. रक्त असेल तर लाल पाझर उमटतो. अंधनालाची विष्ठा तपकिरीच राहते.

इथे एक अडचण लक्षात ठेवावी. संसर्गानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त पडू लागते, पण अंडपुटी विष्ठेत साधारण सहाव्या-सातव्या दिवसापासून येतात. रक्त पडू लागल्याच्या पहिल्या दिवशी तपासणीला दिलेला नमुना त्यामुळे निर्दोष ठरू शकतो. पिल्ले मलूल होऊन रक्त टाकत असतील तर अहवालासाठी थांबणे महागात पडते. नेहमीचे औषध अँप्रोलियम. २० टक्क्यांची पूड असेल तर लिटरभर पाण्यात १.२ ग्रॅम, पाच दिवस. त्यानंतर लिटरला ०.३ ग्रॅम, एक ते दोन आठवडे. पुडीची टक्केवारी वेगळी असेल तर मात्रा त्या हिशेबाने बदलते, म्हणून वेष्टन वाचूनच वजन करावे. पाणी रोज नवे कालवावे आणि दुसरे साधे पाणी, अगदी अंगणातले डबकेसुद्धा, पिल्लांच्या आवाक्यात ठेवू नये. अँप्रोलियम परजीवीला थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, मिळू देत नाही. त्याच दिवसांत ब-जीवनसत्त्वांचे टॉनिक पाजले तर औषध निष्प्रभ होते. ही चूक फार सर्रास होते. सल्फा औषधे मात्रा चुकली तर स्वतःच रक्तस्राव व मूत्रपिंडाची हानी करतात, त्यामुळे ती पशुवैद्याच्या सांगण्याशिवाय वापरू नयेत.

औषधाइतकेच काम खुराड्यात अंथरलेल्या कोरड्या तुसाचे आहे. मूठभर तूस दाबून पाहावे : गोळा तसाच राहिला तर ते ओले आहे, सैल सुटले तर ठीक. फिनेल किंवा ब्लीचने अंडपुटी मरत नाहीत. भांड्याखालचे ओले तूस खरवडून काढणे, जमीन वाळवणे आणि पाण्याचे भांडे पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवणे हाच खरा उपाय.

पांढऱ्या विष्ठेची कारणे वयानुसार बदलतात. पहिल्या आठवड्यात प्रवासाच्या ताणाने किंवा गारठ्याने गुदाशी विष्ठा चिकटून वाट बंद होते. कोमट पाण्याच्या बोळ्याने ती भिजवून काढावी, ओढून काढू नये. बेंबीची वाळलेली खपली वेगळी, ती पोटाकडच्या बाजूला असते. ती उपटली तर पिल्लू दगावू शकते. बल्बाखाली पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस उष्णता असावी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करावी. दोन-तीन आठवड्यांच्या आतील पिल्ले खडूसारखी पांढरी विष्ठा टाकत, कण्हत एकामागून एक मरू लागली तर ती ‘साल्मोनेला पुलोरम’ या जिवाणूची पांढरी हगवण असू शकते. ती अंड्यातून पिल्लात उतरते. वाचलेल्या कोंबड्या वाहक राहतात, म्हणून त्यांची अंडी उबवणीला ठेवू नयेत. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात पांढरट पाण्यासारखी हगवण आणि अचानक मरतूक झाली तर गंबोरो या विषाणुजन्य रोगाचाही विचार करावा.

आणखी एक कारण थेट दाण्याच्या भांड्यात असते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, पिल्लांच्या खाद्यात सुमारे एक टक्का. परसात सगळ्यांना एकच खाद्य घातले की जादा कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांवर येते. विष्ठेत पांढरा भाग आणि पाणी वाढते, पुढे यूरेट, म्हणजे यूरिक आम्लाचे क्षार, अवयवांवर साचतात. सगळ्यांना वाढीच्या पक्ष्यांचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरच्या कोंबड्या तो आपणहून खातात.

गर्द हिरवी विष्ठा अनेकदा उपासाची खूण असते : पोटात अन्न नसले की पित्त तसेच बाहेर पडते. म्हणून ‘हिरवी म्हणजे मानमोडी’ हे समीकरण धरू नये. पक्षी का खात नाही, हे शोधावे. हिरव्या पातळ हगवणीसोबत घरघर, मान पिरगळणे, पाय-पंख लुळे पडणे दिसले तर मात्र मानमोडीचा संशय बळावतो. उत्तराखंडातील राणीखेतवरून तिला राणीखेत रोगही म्हणतात. हा विषाणूचा रोग असून त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस अर्धा मिलिलिटर कातडीखाली, असा नेहमीचा क्रम आहे. कालवलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी. मोठ्या पक्ष्यांत गंधकासारखी पिवळी किंवा पिवळट-हिरवी हगवण विषमज्वरातही (‘साल्मोनेला गॅलिनेरम’) दिसते.

जंतांचे चित्र संथ असते : वजन उतरणे, फिका तुरा, अधूनमधून पातळ विष्ठा. गोलकृमी विष्ठेत पडला तर तो पांढुरका, पाच ते अकरा सेंटिमीटर लांब असतो. तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. मुंग्या, भुंगेरे व माश्या खाल्ल्याने तो पोटात येतो. पिपरॅझिन गोलकृमीवर चालते, पट्टकृमीवर नाही. त्याला प्रॅझिक्वांटेल लागते.

तपासणीसाठी पाच ते दहा ग्रॅम ताजी विष्ठा, साधी आणि अंधनालाची दोन्ही, अनेक पक्ष्यांची मिळून, स्वच्छ डबीत घ्यावी. ती फ्रिजमध्ये ठेवावी, गोठवू नये, आणि २४ तासांत पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी. डबीवर पक्ष्यांचे वय, खाद्य, दिलेले औषध व मेलेल्या पक्ष्यांची संख्या लिहावी. नुकताच मेलेला पक्षी शवविच्छेदनाला नेला तर निदान अधिक पक्के होते. मात्र एक-दोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले तर त्यांना हलवू वा चिरू नये. दवाखान्याला जागेवर बोलवावे, कारण तो बर्ड फ्लू असू शकतो. भारतात त्याचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला नोंदला गेला. एरवीही विष्ठा हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. साल्मोनेला माणसालाही बाधतो, लहान मुलांना जास्त.