हर्निया: रफू की ठिगळ?

हर्निया झाला की 'आतडं उतरलं' म्हणतात आणि सगळं खापर आतड्यावर फोडतात. आतडं बिचारं जागच्या जागी वळवळत असतं. दोष असतो त्याच्यापुढच्या भिंतीत. पोटाच्या भिंतीतला एखादा थर विरला किंवा जन्मापासूनच उघडा राहिला, की आतलं पातळ अस्तर त्या फटीतून पिशवीसारखं बाहेर येतं आणि पिशवीत चरबी किंवा आतडं शिरतं. आडवं झालं की फुगवटा आत जातो, खोकलं की बाहेर येतो. अंतर्गळ हा जुना शब्द, आजार तोच.

हे कळलं की 'हर्नियावर गोळी का नाही' हा प्रश्न उरत नाही. भिंतीचं भोक चूर्णाने, तेलाने किंवा काढ्याने बुजत नाही. बाळाच्या बेंबीवर नाणं बांधून ती 'बसली' असं सांगणारे फुकटचं श्रेय घेतात, कारण बेंबीचा हर्निया बहुतेक बाळांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. नाण्याखालची कातडी तेवढी खराब होते. बाळाच्या जांघेतला हर्निया मात्र आपोआप मिटेल म्हणून थांबायचं नसतं. त्याचं ऑपरेशन करावं लागतं.

बहुतेक हर्निया जांघेतच का होतात? पुरुषाचं वृषण गर्भात मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि जन्माआधी पोटाची भिंत पार करून खाली उतरतं. उतरताना अस्तराचं एक बोट सोबत ओढून नेतं. वृषणाला जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी त्या वाटेने कायमच्या राहतात. ही वाट सुमारे ४ सेंटिमीटर लांब आणि तिरकी असते. आतलं आणि बाहेरचं दार समोरासमोर नसतं, आणि खोकताना वरचे स्नायू शटरसारखे खाली येतात. युक्ती चांगली आहे, पण पुरेशी नाही. अस्तराचं बोट बुजलं नाही तर त्यातूनच हर्निया येतो. वय वाढलं की वाटेची मागची भिंत पातळ होऊन सरळ पुढे फुगते. म्हणून पुरुषांत आयुष्यभरात सुमारे २७ टक्के, तर स्त्रियांत ३ टक्क्यांच्या आसपास जणांना जांघेचा हर्निया होतो. 'जड उचललं म्हणून झाला' हे बहुतेकदा अर्धसत्य असतं. भिंत आधीच विरलेली असते, उचलताना ती फक्त दिसते. घराण्यात हर्निया असणं, धूम्रपान आणि कोलॅजेनचा, म्हणजे शरीराच्या ऊती बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचा, कच्चा धागा ही अधिक खरी कारणं.

आता थोडं गणित. उताणं झोपल्यावर पोटात सुमारे ८ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब असतो, उभं राहिल्यावर १२, आणि जोरात खोकल्यावर किंवा उलटी होताना ८० च्याही वर. ८० सेंटिमीटर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८० ग्रॅम. भोक ३ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका खोकल्याला त्यावर साडेपाचशे ग्रॅमचा रेटा. व्यास ६ झाला की रेटा सव्वादोन किलोच्या वर, चौपट. हा रेटा झेलणारी कड मात्र दुप्पटच वाढली. म्हणजे कडेच्या दर सेंटिमीटरला आधी ६० ग्रॅम होते, ते १२० झाले. भोक जितकं मोठं, तितकी कड अधिक ताणली जाते आणि तितकी आणखी विरते. छोटा हर्निया सहसा छोटा राहत नाही, त्यामागे हे आहे.

पूर्वी उपाय होता रफूचा. इटालियन सर्जन एदुआर्दो बस्सिनी यांनी १८८७ मध्ये मांडलेली पद्धत अशी: वरची स्नायूंची कमान खाली ओढून जांघेतल्या स्नायुबंधाला शिवायची. तिने शंभर वर्षं काम भागवलं, पण विरलेल्या धोतराला रफू करणाऱ्याला तिचा दोष लगेच दिसेल. कडा ओढून शिवल्या की कापड टाक्याशेजारी फाटतं. ताणलेल्या टाक्याखालच्या ऊतींना रक्त पुरत नाही, टाका हळूहळू लोणी कापावं तसा आरपार जातो. १९८० च्या दशकात अमेरिकेतले सर्जन लिक्टेनस्टाइन यांनी ठिगळाचा आग्रह धरला: कडा ओढू नका, भोकापेक्षा मोठी पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची जाळी लावा. जाळीच्या छिद्रांतून शरीर स्वतःचं कोलॅजेन विणतं. काही आठवड्यांत जाळी आणि भिंत एकजीव होतात.

उघड्या ऑपरेशनमध्ये जाळी साधारण ७ × १५ सेंटिमीटरची घेतात. तिचं गोल टोक जघनास्थीवर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेल्या हाडावर, दीड-दोन सेंटिमीटर पुढे सरकवून बसवतात, खालची कड स्नायुबंधाला शिवतात, बाहेरच्या टोकाला चीर देऊन दोन शेपट्या वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनीच्या दोरीभोवती एकमेकींवर आणतात. इथे दोन चुका महागात पडतात. हाडावर जाळी पुरेशी पुढे नेली नाही तर हर्निया नेमका तिथूनच परत येतो. आणि जाळी ताणून सपाट बसवली तर ती आखूड पडते, कारण रुग्ण टेबलावर आडवा असतो, उठल्यावर पोट पुढे येतं आणि जाळी स्वतः सुमारे २० टक्के आक्रसते. म्हणून ती जराशी ढिली, घुमटासारखी ठेवायची.

दुर्बिणीतून ठेवलेली १० × १५ सेंटिमीटरची जाळी भिंतीच्या आतल्या बाजूला असते. टाकीच्या भोकावर आतून ठेवलेला रबराचा तुकडा पाणीच दाबून धरतं, तसा पोटाचा दाब तिला जागी धरतो. जो दाब रफू उसवत होता, तोच इथे कामाला लागतो.

जाळी म्हणजे निर्धोक असं नाही. सुमारे दहातल्या एकाला जांघेत महिनोन्महिने दुखतं, बहुधा एखादी नस जाळीत किंवा टाक्यात सापडल्यामुळे. म्हणून ज्या पुरुषाला फुगवटा आहे पण त्रास नाही, त्याला थांबता येतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत थांबलेल्यांपैकी वर्षाला हजारी जेमतेम दोघांचा हर्निया अडकला. दहा वर्षांत दोन-तृतीयांश लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलंच, बहुतेकांनी दुखतं म्हणून. स्त्रियांनी मात्र थांबू नये. त्यांच्यात मांडीच्या मुळाशी, अरुंद वाटेतून येणारा हर्निया जास्त आढळतो आणि तो पटकन अडकतो.

अडकतो म्हणजे काय? अरुंद कडेत आतडं आवळलं की आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद होतात, कारण त्यांच्यातला दाब कमी. धमनी रक्त आत ढकलतच राहते, आतडं सुजतं, सूज आणखी आवळते आणि शेवटी धमनीही बंद. फुगवटा कडक, दुखरा, आत न जाणारा झाला, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर काही न खाता-पिता लगेच रुग्णालय गाठायचं. हातात काही तासच असतात. घरी जोर लावून तो आत दाबू नये. कधी पिशवीच आवळणाऱ्या कडेसकट आत सरकते. बाहेरून फुगवटा गेलेला दिसतो आणि आत आतडं तसंच गुदमरत राहतं.