चावी काढली तरी इंजिन चालूच

मामांनी चावी काढून खिशात टाकली, तरी नुकतंच डिझेल इंजिन बसवलेली जिप्सी बंद होईना. उलट आवाज चढत चालला आणि गॅरेजभर निळसर धूर भरला. कुणीतरी डॅशबोर्डखालचं 'स्टॉप'चं बटण ओढलं. काही उपयोग नाही. गॅरेजचे उस्ताद ओरडले, "हवा! हवा बंद करो पैले!" त्यांनी हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरचा पाइप उपसला आणि इंजिनाच्या उघड्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली. दोनचार गचके देऊन इंजिन गप झालं. (हात लावायचा नसतो तिथे. इंजिन तो ओढून घेतं.)

मामांचं शेत गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. काळी, भारी जमीन. या मातीतली स्मेक्टाइट गटातली खनिजं पाणी पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. म्हणून मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती चपलेला किलो-किलोने चिकटते. अशा चिखलात चाक जोरात फिरलं की संपलं. टायरच्या खाचा भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी घुमत खाली जातो. इथे चाक हळू फिरावं, पण थांबू नये. पेट्रोल जिप्सीला नेमकं तेच जड जाई. तिचं १२९८ सीसीचं इंजिन ८० हॉर्सपॉवरचं, पण ती मिळते मिनिटाला ६००० फेऱ्यांना आणि सर्वात जास्त टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, ४५०० च्या आसपास. जोर हवा तर पेडल दाबा, पेडल दाबलं की चाक घुमणार. दर पावसाळ्यात मामा साखळी घेऊन ट्रॅक्टरवाल्याच्या दारात.

मग त्यांनी भंगारातून जुन्या जीपचं २११२ सीसीचं प्युजो बनावटीचं डिझेल इंजिन उचललं. हॉर्सपॉवर जेमतेम ६२. पण टॉर्क सुमारे १२० न्यूटन-मीटर, तोही २००० फेऱ्यांच्या आसपास. जिप्सीचा कमाल टॉर्क १०३ च्या घरातला. कागदावर अशक्त दिसणारं इंजिन चिखलात सरस ठरतं ते असं.

आता गॅरेजातला तो प्रसंग. पेट्रोल इंजिनाच्या गळ्याला एक झडप असते, थ्रॉटल. आपण पेडल दाबतो तेव्हा खरं तर ही झडप उघडतो, आत हवा जास्त जाते आणि तिच्या प्रमाणात पेट्रोल मिसळतं. मिश्रण पेटवायला स्पार्क प्लग. चावी काढली की ठिणगी बंद, इंजिन बंद. जुन्या डिझेलला झडपही नाही आणि स्पार्क प्लगही नाही. (हल्लीच्या काही इंजिनांना झडप असते, पण वेग सांभाळायला नव्हे.) प्रत्येक वेळी पोटभर हवा आत येते आणि तिच्या मूळ आकारमानाच्या वीसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. एवढं दाबल्यावर तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. डिझेल दोनशेच्या थोडं वरच आपोआप पेटतं, त्यामुळे फवारा उडताच भडका. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला यशस्वी करून दाखवलेलं इंजिन याच तत्त्वावरचं.

म्हणजे डिझेल इंजिनाचा वेग हवेवर नाही, डिझेलच्या फवाऱ्यावर ठरतो. चिखलात ओझं आलं, फेऱ्या घटल्या की डिझेलच्या पंपातला वेग सांभाळणारा भाग, गव्हर्नर, आपणहून फवारा वाढवतो. हवा आत हजरच असते. पेडलला पाय न लावता लो गिअरात ही गाडी टुकुटुकु चालत राहते. आमच्याकडे विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा ठेका पाण्याचं ओझं आल्यावर क्षणभर दबायचा आणि परत सावरायचा. तोही गव्हर्नरच.

मात्र बंद करायचं तर फवारा तोडावा लागतो, 'स्टॉप'चं बटण त्यासाठीच. त्या दिवशी बटण ओढल्यावर फवारा तुटला होताच. पण गॅरेजातल्या पोराने ऑइल भरलेल्या एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑइल ओतलेलं. इंजिन हवेबरोबर तेच ऑइल ओढत होतं. तापलेल्या हवेला ते डिझेल आहे की ऑइल याच्याशी देणंघेणं नसतं. ऑइल पेटलं, फेऱ्या वाढल्या, फेऱ्या वाढल्या म्हणून आणखी ऑइल ओढलं गेलं. असं सुटलेलं इंजिन हवा तोडल्यावरच थांबतं.

दुसरा धडा पहिल्याच चकरेत मिळाला. फाटकापर्यंत गेलो आणि ब्रेकचं पेडल दगड झालं. मामांनी दोन्ही पाय देऊन कशीबशी गाडी थांबवली. कारण पुन्हा तीच नसलेली झडप. पेट्रोल इंजिन अर्धवट मिटलेल्या झडपेतून श्वास घेतं, म्हणून झडपेमागे हवेचा दाब कमी होतो. ब्रेकचा बूस्टर याच ओढीवर चालतो. त्यातल्या पडद्याच्या एका बाजूची हवा काढली की दुसऱ्या बाजूने वातावरण ढकलतं, चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. २० सेंटिमीटर व्यासाचा पडदा धरला तर पूर्ण निर्वातात हा रेटा ३०० किलोच्या पुढे. प्रत्यक्षात कमी, तरी पायापेक्षा कितीतरी जास्त. डिझेलकडे ही ओढच नसते, म्हणून अशा गाड्यांत अनेकदा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागे हवा ओढणारा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. गॅरेजात त्याला एक्झॉस्टर म्हणतात. भंगारातल्या इंजिनाचा अल्टरनेटर जळालेला, त्याजागी पेट्रोल गाडीचा बसवलेला. त्याच्या पाठीला एक्झॉस्टर नव्हताच.

बाकीची कामं कष्टाची, पण सरळ. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये लेथवर कापलेली प्लेट बसवली. दोन्ही शाफ्टचे मध्य केसभरही चुकले तर बेअरिंग आणि क्लचप्लेट टिकत नाही. बिडाचं डिझेल इंजिन वजनदार, म्हणून पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. टाकीपर्यंत परतीची नळी टाकली, कारण पंपाला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल येतं आणि उरलेलं परत जातं. आणि एअर, म्हणजे डिझेलच्या नळीत अडकलेली हवा, काढणं तर इकडे शाळकरी पोरांनाही येतं.

कायद्याचं मात्र सरळ नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधनच बदललं म्हणजे पुस्तक खोटं ठरलं. रस्त्यावर अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट यावरच ठेवणार. मामांनी गाडी शिवारापुरती ठेवली आहे. डिझेल कॅनमधून येतं.

या जुलैत सालगड्याने टाकीचं झाकण पाहिलं आणि फवारणी पंपाचं पेट्रोल घेऊन आला. झाकणावर कंपनीने 'पेट्रोल'च लिहिलेलं, त्याचं काय चुकलं? मामांनी धावत जाऊन कॅन हिसकावला. डिझेल पंपाचे भाग एकमेकांत मायक्रॉनच्या फटीने बसलेले असतात आणि त्यांना वंगण फक्त डिझेलचंच. पेट्रोलने ती चिकट साय धुऊन निघते आणि लोखंड लोखंडाला भिडतं. दुपारी मामांनी झाकणावरचं अक्षर पान्याने खरवडलं आणि पांढऱ्या ऑइलपेंटने 'डिझेल' लिहिलं. वाळायच्या आत पाऊस आला, 'ल' खालपर्यंत ओघळला. वाचता येतं.