फ्रीक्वेन्सी बँड आणि मोबाइल हँडसेट (ग्रामीण विदर्भ)

मोबाइल टॉवर ज्या रेडिओ लहरींवर चालतो, त्यांच्या ठरावीक पट्ट्याला बँड म्हणतात. तो पट्टा पकडणारी अँटेना, फिल्टर आणि रेडिओ चिप हँडसेटमध्ये कारखान्यातच बसवलेली असते. ती नसेल तर टॉवर गावच्या वेशीवर असूनही त्या फोनपुरता नसल्यासारखाच. सॉफ्टवेअर अपडेटने ही उणीव भरून निघत नाही.

नागपूर-अमरावतीत हे सहसा कळत नाही. टॉवर जवळजवळ असतात, एक बँड नसला तर दुसरा हाती लागतो. मेळघाटात किंवा भामरागडच्या बाजूला टॉवर विरळ असल्याने कमी फ्रीक्वेन्सीवरच भिस्त असते. ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर २३०० मेगाहर्ट्‌झची १३. लांब लहर टेकडीच्या आडोशाला थोडी वळते आणि झाडोऱ्यातून जाताना कमी क्षीण होते. ओली पाने लहरी शोषतात, म्हणून साग निष्पर्ण असताना उन्हाळ्यात मिळणारी रेंज श्रावणात घटू शकते.

जिओच्या फोर-जीमध्ये लांब पल्ल्यासाठी ८५० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे बँड ५, आहे. बीएसएनएलच्या फोर-जीमध्ये ७०० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे बँड २८. फोर-जीच्या सुरुवातीच्या काळातल्या अनेक हँडसेटमध्ये मात्र १८०० आणि २३०० एवढेच बँड होते. पुण्याला कामाला गेलेल्या पोराने नवा फोन घेतला की जुना गावी आईबापाकडे येतो. शहरात बिनतक्रार चाललेला तोच फोन इथे मुका होतो, आणि दोष टॉवरवर जातो. दवाखान्याच्या गाडीला फोन लावायच्या घरात ही उणीव क्षुल्लक नाही.

बँड जुळूनही बोलणे होईलच असे नाही. जिओचे टू-जी, थ्री-जी जाळे नसल्याने तिथे साध्या कॉललाही हँडसेटमध्ये व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरूनच बोलण्याची सोय, लागते. स्पेक्ट्रमचे, म्हणजे या लहरींच्या पट्ट्यांचे, कंपन्यांना वाटप सर्कलनिहाय, म्हणजे दूरसंचार विभागांनुसार, होते. धारणीहून बऱ्हाणपूरकडे जाताना सर्कल बदलते, तसे कंपन्यांचे बँडही बदलू शकतात.

एकाच मॉडेलचे बँड देशागणिक वेगळे असू शकतात, म्हणून खरेदीपूर्वी डब्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकातले बँड पाहावेत. वापरातल्या फोनची परीक्षा सोपी आहे: आपले सिम त्याच ओसरीवर शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालावे. तिथे रेंज आली, तर टॉवर आणि सिम दोन्ही ठीक आहेत.