ताबा कुणाचा? स्काराच्या खटल्याची पार्श्वभूमी

‘स्टारगेट एसजी-१’ या विज्ञानकथा मालिकेच्या तिसऱ्या पर्वातल्या खटल्यावरून आपल्या सोलापूरच्या मंडळात दोन तट पडले आहेत. स्कारा नावाच्या पोराचा देह क्लोरेल या परजीवीने बळकावलेला, आणि देह कुणाचा, असा तो खटला. एका तटाचं म्हणणं, स्काराला त्याचा देह परत मिळाला, न्याय झाला, विषय संपला. दुसरा तट विचारतो, मग क्लोरेलला जिवंत सोडून कुणाच्या घरी पाठवलं? मालिका कशाबद्दल आहे, डोळे का चमकतात, हे इथे सांगत बसत नाही. गोआउल्ड म्हणजे माणसाच्या देहात शिरून त्याला चालवणारी सापासारखी परजीवी जमात, आणि ज्याचा देह घेतला तो होस्ट, एवढं पुरे. रविवारच्या बैठकीत वाद घालणाऱ्यांनी बाकीचं बघितलेलंच आहे. हा वाद कुठून कुठे आला, तेवढंच इथे मांडलं आहे.

दुसऱ्याच्या देहात शिरण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत विभूतिपादात परशरीरप्रवेश ही एक सिद्धी म्हणून येते. श्रावणात ज्यांच्या घरी ‘नवनाथ भक्तिसार’चं पारायण होतं, त्यांना मच्छिंद्रनाथांनी त्रिविक्रम राजाच्या देहात काढलेली वर्षं तोंडपाठ असतात. कथासरित्सागरात इंद्रदत्त मेलेल्या नंद राजाच्या देहात शिरतो. हुशार प्रधानाला संशय येतो आणि तो राज्यातली बेवारस प्रेतं जाळायला लावतो. त्यात इंद्रदत्ताचा मूळ देहही जळतो आणि तो राजाच्या अंगात कायमचा अडकतो. वेताळाच्या गोष्टींत एक म्हातारा तपस्वी तरुण ब्राह्मणाच्या प्रेतात शिरण्याआधी आधी रडतो, मग नाचतो. रडतो ते आईबापांनी वाढवलेला देह सोडावा लागतो म्हणून, नाचतो ते तारुण्य मिळणार म्हणून.

या सगळ्या कथांत एक पथ्य काटेकोर पाळलेलं आहे, आणि आपल्या वादात ते कुणीच पुढे आणत नाही. ज्या देहात शिरायचं तो आधी रिकामा झालेला असतो. राजा मेलेला, ब्राह्मण मेलेला. फसवणूक होते ती राणीची, प्रधानाची, प्रजेची. देहाच्या धन्याची नाही, कारण धनी निघून गेलेला असतो. अमरत्वाची गोष्ट तर आपल्याकडे आणखी वेगळ्या वाटेने जाते. सोलापूरच्या पूर्व भागातून नारळी पौर्णिमेला ज्यांचा रथ निघतो त्या मार्कंडेयांनी यमाला परतवलं ते स्वतःच्याच सोळा वर्षांच्या देहासाठी. आणि तळ्यातल्या मंदिरात ज्यांची समाधी आहे त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात देह ठेवला तो आपल्या इच्छेने. दुसऱ्याचं काढून घेऊन जगणं या दोन्हींत बसत नाही. (ययातीने मुलाचं तारुण्य घेतलं, हे कुणीतरी म्हणेलच. पण पुरूला विचारून घेतलं, आणि परत केलं.)

जिवंत, जागा माणूस आत असतानाच त्याचा देह बळकावायचा, ही कल्पना पडद्यावर आली ती बरीचशी विसाव्या शतकातल्या अमेरिकेतून. १९५१च्या एका अमेरिकन कादंबरीत गोगलगायीसारखे परजीवी माणसांच्या पाठीला चिकटून त्यांना चालवतात. शीतयुद्धाचे दिवस होते, शेजारी खरंच शेजारी आहे का, ही भीती विकली जात होती. त्यानंतर एक वळण आलं, ते आपल्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. ‘स्टार ट्रेक’च्या १९९१च्या एका भागात आणि १९९३पासूनच्या पुढच्या मालिकेत ट्रिल नावाची जमात दिसते. त्यांच्यातला सहजीवी शेकडो वर्षं जगतो, देहामागून देह बदलतो. पण तिथे होस्ट व्हायला उमेदवार रांग लावतात आणि निवड होते. म्हणजे १९९४ साली ‘स्टारगेट’ चित्रपटातला रा एका पोराचा देह घेऊन देव म्हणून बसला, तेव्हा संमतीने होणारी भागीदारी लोकांनी आधीच बघितली होती.

त्या चित्रपटावरून निघालेली ‘एसजी-१’ मालिका सुरू झाली २७ जुलै १९९७ला. २००७पर्यंत १० पर्वं, २१४ भाग. पहिल्या पर्वात चित्र सोपं होतं. गोआउल्ड मानेतून शिरतो आणि ‘होस्टचं काही उरत नाही’ असं बजावतो. सुरुवातीच्याच एका भागात, गोआउल्ड शिरलेल्या कवाल्स्की या सैनिकाच्या तोंडून हे वाक्य येतं आणि तो भाग संपेपर्यंत कवाल्स्की मरतो. प्रेक्षकांनी वाक्य खरं धरलं, कारण ते खरं असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. आत कुणी उरलंच नसेल तर गोळी झाडताना हात कापायचं कारण नाही.

दुसऱ्या पर्वात ही सोय गेली. स्काराची बहीण आणि डॅनियल या नायकाची बायको शारे गरोदर असते, त्या काळात तिच्यातली गोआउल्ड अमाउनेट निद्रिस्त होते, आणि डॅनियलशी बोलते ती शारे, पूर्ण शुद्धीवरची, सगळं आठवणारी. इतका काळ तिच्या हातांनी जे झालं ते तिने आतून बघितलेलं आहे. इथून पुढे मालिकेतल्या प्रत्येक गोळीचा अर्थ बदलतो. याच पर्वात शवपेटीचाही दुसरा चेहरा दिसतो. मेलेल्यालाही उठवणारी तीच ती पेटी, जिच्यामुळे गोआउल्ड हजारो वर्षं टिकतात. तिचं व्यसन लागून डॅनियल कसा होतो, हे बघितलेल्यांना आठवत असेल. टोक्रा, म्हणजे गोआउल्डांमधलेच बंडखोर, ती पेटी वापरत नाहीत, कारण तिने मनातला चांगुलपणा झिजतो असं ते सांगतात. या लांब आयुष्याची किंमत होस्ट देतो आणि बिघडतो आत बसलेलाही.

टोक्रा हे मालिकेचं उत्तर होतं: संमतीने घेतलेला देह, दोघांनी आळीपाळीने बोलायचं, एकमेकांचा मान ठेवायचा. कॅन्सरने मरायला टेकलेले जेकब कार्टर सेलमॅक या टोक्राला स्वीकारतात, दोघंही वाचतात. सुंदर व्यवस्था आहे. पण माझ्या मते मालिकेने टोक्रांना जरा जास्तच माफ केलं. त्यांची पहिली ओळख होते तीच जोलिनारकडून, आणि जोलिनार जेकब यांची मुलगी सॅम कार्टर हिच्या देहात शिरते ती न विचारता. कार्टर तेव्हा एका जखमीला तोंडाने श्वास देत होती. जोलिनारने शेवटी स्वतः मरून कार्टरला वाचवलं म्हणून तो हिशेब मिटला, असं मालिका धरून चालते. सहाव्या पर्वात कनान हा टोक्रा पुन्हा तेच करतो. डॅनियल-कार्टरच्या चमूचा प्रमुख ओनील आजारातून बरा व्हायला त्याला देहात घेतो, संमती तेवढ्यापुरती. कनान मात्र तो देह घेऊन आपल्या खासगी कामासाठी बाआल या गोआउल्डच्या किल्ल्यात जातो आणि तिथे ओनीलला एकटा सोडतो. बाआल त्याला मारतो, पेटीत घालून उठवतो, पुन्हा मारतो. एका कारणासाठी दिलेली संमती दुसऱ्या कारणाला चालते का, हा प्रश्न आपल्याकडे १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतर कागदावर तरी सुटला आहे. टोक्रांनी तो कधी सोडवलाच नाही.

आता खटला. तिसऱ्या पर्वात, पाच भागांच्या अंतराने, दोन भावंडांचं नशीब ठरतं. शारे मरते. अमाउनेट डॅनियलचा जीव घेत असताना त्याचा सहकारी टील्क तिच्यावर शस्त्र चालवतो, आणि एकाच घावात दोघी जातात. त्याच टील्कने पूर्वी, गोआउल्डांच्या चाकरीत असताना, शारेला होस्ट म्हणून निवडलं होतं. बहिणीला सुनावणी मिळत नाही. भावाला मिळते, कारण त्याचं यान टोलन लोकांच्या ग्रहावर कोसळतं आणि त्यांच्याकडे असं यंत्र आहे की स्कारा आणि क्लोरेल दोघंही आळीपाळीने, एकमेकांना न दाबता बोलू शकतात. टोलन हा वाद आपल्या रीतीने तीन पंचांपुढे ठेवतात. स्काराच्या बाजूने ओनील आणि डॅनियल मिळून एक, क्लोरेलच्या बाजूने झिपाक्ना हा गोआउल्ड, आणि तटस्थ म्हणून नॉक्स जमातीची लाया. दोघांची मतं आधीच ठरलेली, म्हणजे निकाल एकट्या लायाच्या हातात.

झिपाक्नाची बाजू आपल्याकडे हसण्यावारी नेली जाते, ते चूक आहे. होस्टशिवाय जगणं हा गोआउल्डचा स्वभावधर्म नाही, आणि एखाद्या जमातीला तिच्या स्वभावाने जगण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न पोकळ नाही. चौथ्या पर्वात कळतं की हे जीव मुळात पाण्यात राहत, आणि त्यांचे पहिले होस्ट उनास नावाच्या जमातीचे होते, माणूस नंतर आला. म्हणजे देह घेणं ही एखाद्या दुष्ट राजाची लहर नव्हे, त्या जमातीचं सगळं जगणंच त्यावर उभं आहे. ओनील-डॅनियलचा प्रतिवाद सरळ आहे: आत बसलेला माणूस जागा आहे, तो ‘नाही’ म्हणतो आहे, बास. पुरावा म्हणून स्वतः स्कारा उभा आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी याच पोरावर ओनीलला शस्त्र चालवावं लागलं होतं, त्यामुळे त्याचा युक्तिवाद वकिलाचा राहत नाही, कर्जदाराचा होतो.

लाया स्काराच्या बाजूने मत देते. देह स्काराचा. क्लोरेलला काढून गोआउल्डांच्या एखाद्या ग्रहावर पोचवायचं ठरतं. मग टोलनांच्या संरक्षक तोफा, झिपाक्नाचा दगा, लायाने अदृश्य करून वाचवलेली एक तोफ, सगळी धावपळ. या गडबडीत निकालाचा दुसरा अर्धा भाग प्रेक्षकांच्या हातून निसटतो, आणि मला वाटतं, लिहिणाऱ्यांना तो निसटायलाच हवा होता. गोआउल्डांच्या ग्रहावर क्लोरेल काय करणार? तलावात पोहत म्हातारा होणार नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे कुणातरी मुलाला आणून उभं करतील. पंचांनी एका भाड्याच्या घरातला दांडगा पोटभाडेकरू बाहेर काढला आणि शेजारच्या गल्लीतल्या घराची किल्ली त्याच्या हातात दिली, असा हा निवाडा आहे.

निकालाची बाजू घेणारे तीन गोष्टी सांगतात. पहिली, पंचांपुढे प्रश्न एकाच देहाचा होता. पुढच्या, अजून न घडलेल्या चोरीवर ते निकाल कसा देणार? दुसरी, क्लोरेलला मारणं म्हणजे न्यायालयाने पक्षकाराचा जीव घेणं, आणि नॉक्स तर कुणालाच मारत नाहीत. तिसरी, टोलनना युद्ध नको होतं. तिसरी गोष्ट खरी असली तरी तो न्याय नव्हे, तह आहे. दुसरी मला मान्य आहे, पण मारणं आणि सोडणं या दोनच वाटा होत्या, हे मान्य नाही. सहाव्या पर्वात पँगारच्या लोकांनी टोक्रांची मूळ राणी इजेरिया टाकीत वर्षानुवर्षं होस्टशिवाय जिवंत ठेवलेली दिसते. तो छळच होता आणि मालिका तसंच दाखवते. पण होस्टशिवाय जगवता येतं हे त्यातून सिद्ध होतं, आणि टोलन हे पँगारच्या लोकांपेक्षा शास्त्रात कितीतरी पुढे होते. पाण्यातली कैद ही तिसरी वाट होती. तिचा उच्चारही त्या सभागृहात झाला नाही. पहिल्या हरकतीचं उत्तर त्याहून साधं आहे: क्लोरेल पुढे काय करणार याबद्दल कुणाला शंका होती? पंचांपैकी एकाला तरी? झिपाक्नाने तर तोच आपला हक्क म्हणून मांडला होता.

पुढचा होस्ट खटल्यात हजर नव्हता, त्याला नाव नव्हतं, ओनीलची त्याच्याशी ओळख नव्हती. म्हणून त्याचा विचार झाला नाही. मालिकेत हे पुन्हा पुन्हा घडतं. पहिल्या पर्वात डॅनियल चुलाक या ग्रहावरच्या मंदिरातली गोआउल्डांच्या पिलांनी भरलेली टाकी गोळ्यांनी फोडतो. त्यावर आपल्याकडे तासभर भांडण होतं, पिलांचा काय दोष म्हणून. बरोबर आहे, व्हावं. पण ती पिलं मोठी झाल्यावर ज्यांच्या देहात गेली असती, त्यांच्यासाठी अजून कुणी पाच मिनिटं भांडलेलं मला आठवत नाही.

खटल्यानंतरचं थोडक्यात. सहाव्या पर्वाच्या शेवटी स्काराचा ग्रह अबायडॉस नष्ट होतो आणि स्कारा आपल्या लोकांबरोबर देहापलीकडे जातो; ज्या देहासाठी एवढं झालं तो त्याच्याकडे तीन-साडेतीन पर्वं राहिला. आठव्या पर्वात म्हाताऱ्या सेलमॅकबरोबर जेकबही मरतात, आणि टोक्रांच्या भागीदारीचीही एक किंमत होती हे तिथे दिसतं. ट्रेटोनिन या औषधामुळे जाफांना, म्हणजे गोआउल्डांची पिलं पोटात वाढवणाऱ्या त्यांच्या सैनिकांना, त्या पिलावर जगण्याची गरज राहत नाही. माझ्या मते गुलामगिरी खऱ्या अर्थाने इथे मोडली, खटल्याने नाही. नवव्या पर्वापासून बाआलच्या प्रतिकृती निघतात, त्याही होस्टसकट. म्हणजे जन्मतःच बळकावलेले देह. मालिका त्याचा विनोद करते, आणि विनोद चांगला जमलाय हे कबूल करावं लागतं. २००८च्या ‘कंटिन्यूअम’ चित्रपटात शेवटचा बाआल काढला जातो तेव्हा टोक्रा त्याच्या गुन्ह्यांची लांबलचक यादी म्हणतात. यादी संपल्यावर खाली कोसळतो तो एक साधा, घाबरलेला माणूस. त्याच्याजवळ थांबते ती वाला, कारण ती स्वतः एकेकाळी होस्ट होती. दहा पर्वांत जे राहिलं ते या चित्रपटात मिनिटभर येतं.

नंतरच्या मालिकांतून साप गेला, करार आला. २०१८च्या ‘ऑल्टर्ड कार्बन’च्या पहिल्या पर्वात माणसाचं मन मानेतल्या चकतीत साठवलेलं असतं आणि देह विकत मिळतात, श्रीमंतांना हवे तितके, हवे तसे. गाडीखाली मेलेल्या सात वर्षांच्या मुलीला भरपाई म्हणून एका मध्यमवयीन बाईचा देह मिळतो, आईबाप बघत राहतात. नायक ज्या देहात वावरतो तो तुरुंगात गेलेल्या राइकर नावाच्या पोलिसाचा, आणि त्या पोलिसावर प्रेम करणारी बाई त्याच्यासमोर काम करत असते. निकालाचं समर्थन करणारे हल्ली हीच मालिका पुढे करतात: बघा, कायद्याने दिलेला ताबा याहून वाईट असू शकतो, टोलनांनी निदान चोरीला चोरी म्हटलं. म्हटलं खरं. पण राइकरचं नाव फाइलवर होतं, त्याच्या वतीने कुणीतरी भांडत होतं, आणि पर्व संपेपर्यंत त्याचा देह परत करण्याची गोष्ट बोलली जात होती. क्लोरेलच्या पुढच्या होस्टसाठी यातलं एकही नव्हतं. रविवारी आधी शारेचा भाग लावू, मग खटल्याचा, आणि तोफांच्या जागी थांबवून निकालाचा दुसरा अर्धा भाग पुन्हा ऐकू.