पाणबुडीच्या पोटातलं विमान

काही विमानांची कारकीर्द जर-तरमध्येच लिहावी लागते. जपानच्या आइची कंपनीने दुसऱ्या महायुद्धात बनवलेलं ‘सेइरान’ त्यातलंच. सगळी मिळून २८ बनली; लढाईत एकही उतरलं नाही.

पाण्यावर उतरण्यासाठी सेइरानला चाकांऐवजी होडीसारखे दोन फ्लोट होते. मुक्काम मात्र पाण्याखाली, आय-४०० जातीच्या १२२ मीटर लांब पाणबुडीत. एकेका पाणबुडीत तीन विमानं, तीही जेमतेम साडेतीन मीटर व्यासाच्या नळकांड्यात. पंखांचा पसारा तर बारा मीटरच्या वर! मग पंख मुळाशी पिळून मागे अंगालगत घ्यायचे, शेपटीची टोकं दुमडायची, फ्लोट सोडवून वेगळे ठेवायचे. जोडणी रात्री करायची, म्हणून सांध्यांना अंधारात चमकणारा रंग फासलेला असे.

मला सगळ्यात भावते ती इंजिनाची युक्ती. गार इंजिनातलं तेल काकवीसारखं दाट असतं. ते तापेपर्यंत उड्डाण नाही. आणि वर येऊन थांबलेली पाणबुडी म्हणजे शत्रूला आयतं सावज. सेइरानचं इंजिन द्रवाने थंड होणारं होतं. त्यामुळे पाणबुडी पाण्याखाली असतानाच त्यात बाहेरून गरम पाणी आणि तेल खेळवता येई. वर आल्यावर पंख उलगडायचे आणि कॅटापल्टने गोफणीतल्या दगडासारखं भिरकवायचं. फ्लोट हवेला अडतात, वेग खातात. घाई असेल तर ते न लावताच उडायचं. परतल्यावर विमान पाणबुडीशेजारी समुद्रात सोडून द्यायचं आणि वैमानिकांना वर ओढून घ्यायचं.

लक्ष्य होतं अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर जोडणाऱ्या पनामा कालव्याचे गाटून दरवाजे. त्यांच्यामागचं सरोवर समुद्रापेक्षा सुमारे २६ मीटर उंच. दरवाजे फुटले तर पाणी वाहून जाणार, कालवा बंद पडणार आणि सरोवर पुन्हा भरायला पावसाचीच वाट बघायची. चार पाणबुड्या आणि दहा विमानं असा बेत होता.

समजा तो साधला असता, तर? माझ्या मते फार काही बिघडलं नसतं. जून १९४५ मध्ये जपानचं ओकिनावा बेटही पडलं होतं. अमेरिकेचं आरमार कधीच कालवा ओलांडून जपानच्या दारात येऊन ठेपलं होतं. जपानी नौदलानेही शेवटी पनामा सोडून पॅसिफिकमधल्या उलिथी बेटांजवळचा अमेरिकी तळ निवडला. हल्ल्याचा दिवस ठरला १७ ऑगस्ट. १५ ऑगस्टला शरणागती जाहीर झाली आणि पाणबुड्यांवरची विमानं समुद्रात टाकून देण्यात आली.

उरलेलं एकमेव सेइरान आज वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हेझी संग्रहालयात आहे, दोन्ही फ्लोट लावून.